पहिला चाकू, पहिला पावसाळा : गोव्यात खिशातले चाकू जमवायला लागताना

आमच्या फोंड्याकडच्या मंडळींची रविवारी सकाळी कुणाच्या तरी सोप्यावर बैठक असते. चहा आणि भाजी-पाव येतो, टेबलावर एक जुनं सुती फडकं पसरलेलं असतं, आणि येणारा प्रत्येकजण बसण्याआधी एकच प्रश्न विचारतो, "आज खिशात काय?" मग ज्याच्या त्याच्या खिशातून चाकू निघतो, फडक्यावर ठेवला जातो आणि गप्पा सुरू होतात. कुणाचा बोटीवरच्या दिवसांचा असतो, कुणाचा मामाने आफ्रिकेहून आणलेला, कुणी परवाच मागवलेला.

मी या बैठकीत पहिल्यांदा गेलो तेव्हा पंधरा दिवसांत तीन चाकू घेऊन बसलो होतो. पावसाळा संपेपर्यंत एक गंजला, एक उघडेना, आणि तिसरा बनावट निघाला. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. सांगायचं मुख्य एकच आहे : पहिल्या वर्षी एकच चाकू घ्या, तो रोज वापरा, आणि गोव्याचा एक पूर्ण पावसाळा त्याच्यासोबत काढा. बाकीचं सगळं त्यातून आपोआप कळत जातं.

आधी कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करतो. पारंपरिक खिशातला चाकू म्हणजे नखाने उघडायचा, घडी होणारा छोटा चाकू. मुठीच्या पाठीला पोलादाची एक स्प्रिंगपट्टी असते, तिच्या दाबावरच पातं उघडं किंवा बंद राहतं. त्याला कुलूप नसतं. जगभरचे संग्राहक याला 'स्लिपजॉइंट' म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. बटण दाबल्यावर सुटणारा खटक्याचा चाकू हा वेगळाच प्रकार, त्याच्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडे मोडी लिहिणारे कारकून बोरू तासायला जो कलमतराश वापरत, तो या चाकूंचा खरा भाऊबंद. इंग्रजीत 'पेननाइफ' हा शब्दसुद्धा पिसाची लेखणी तासण्यावरूनच आला.

हाताशी काय असावं

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग. शिवणयंत्राच्या तेलाची छोटी बाटली. औषधांच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन. जुनं सुती कापड, लाकडी टूथपिक, अगदी बारीक स्टील वूल. धारेचा दुहेरी दगड आणि एक जुना चामडी पट्टा. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. कागदांसाठी एक फाइल आणि एक वही, त्यांचं काम पुढे येईल.

१. आधी घरातलं शोधा, आणि सापडलं तर साफ करू नका

गोव्यातल्या जुन्या घरांत पेटाऱ्यात, शिवणाच्या डब्यात, देवघराच्या खणात एखादा चाकू हमखास सापडतो. याला कारण आहे. इथली कितीतरी माणसं बोटींवर कामाला होती. हे तारवटी, म्हणजे खलाशी, घरी परतताना साबण, बिस्किटांचे डबे आणायचे, तसे चाकूही. इंग्लंडमधल्या शेफील्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे चाकू असे घराघरांत आले. १९६१ पर्यंत इथे पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे पोर्तुगालचे चाकूही अधूनमधून दिसतात. उत्तर पोर्तुगालमधलं पालासोलू हे गाव चाकूंसाठीच ओळखलं जातं. पोर्तुगीजमध्ये खिशातल्या चाकूला 'कानिव्हेत' म्हणतात. घरात एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी हा शब्द आला तर कान टवकारा, कदाचित वस्तूही घरातच असेल.

माझ्या आजोबांच्या पेटाऱ्यात मला असा एक सापडला. पात्याच्या मुळाशी भिंगातून चांदणी आणि माल्टीज क्रॉस दिसत होता, म्हणजे शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांची खूण. गंजाने पातं घट्ट बसलं होतं. मला धीर नव्हता. मी पक्कड घेतली, नखाच्या खाचेत धरून ओढलं, आणि पातं बरोबर त्या खाचेशीच तुटलं. तो अर्धा चाकू मी अजून डब्यात जपून ठेवलाय. पहिल्या बैठकीत तोच दाखवला तेव्हा एक निवृत्त तारवटी काका हळूच म्हणाले, "तेल घालून आठ दिवस थांबला असतास तर आपणहून उघडला असता रे."

म्हणून असा चाकू सापडला तर सांध्यात शिवणयंत्राचं तेल सोडा, एक दिवस उन्हाच्या उबेला ठेवा, पुन्हा तेल सोडा. रोज थोडं हलवून बघा. जोर लावायचा नाही. पक्कड तर नाहीच. वरचा सुटा गंज टूथपिकने आणि तेलात बुडवलेल्या स्टील वूलने हलक्या हाताने काढा. व्हिनेगरमध्ये बुडवणं, पितळ घासायची पेस्ट, पॉलिश मशीनवर चकाकवणं, यातलं काहीही करू नका. खूण पुसली गेली की चाकूची ओळख गेली. पातं काळपट असणं हा दोष नाही, ते वय आहे.

इथे कायद्याची एक महत्त्वाची बाब. जुन्या चाकूंच्या मुठी कधी हस्तिदंताच्या, कधी सांबरशिंगाच्या, कधी कासवाच्या पाठीच्या असतात. शेफील्डच्या कारखान्यांत लागणारं सांबरशिंग मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातूनच जायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा वस्तूंची खरेदी-विक्री आपल्याकडे करता येत नाही. असं काही सापडलं तर विकायला, अदलाबदलीला काढू नका, आणि बाजारात कुणी देऊ केलं तर घेऊ नका. घरातल्या अशा वस्तूबद्दल वनखात्यात विचारून घ्या. गाई-म्हशीचं हाड, म्हशीचं शिंग आणि लाकूड यांच्या मुठींना ही अडचण नाही.

२. पहिला चाकू : एकच, साधा, वापरायचा

घरात काही नसेल तर विकत घ्यायचा. नवा माणूस मला विचारतो तेव्हा मी दोनच नावं सांगतो.

पहिलं व्हिक्टोरिनॉक्स. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कार्यशाळा काढली, आणि आज सगळं जग ज्याला स्विस चाकू म्हणून ओळखतं तो 'ऑफिसर्स नाइफ' १८९७ चा. नावाचा पहिला भाग त्यांच्या आईचा, व्हिक्टोरिया. दुसरा न गंजणाऱ्या पोलादाचा, 'इनॉक्स'. समुद्राजवळ राहणाऱ्याला हे पोलाद सोयीचं. धार फार दिवस टिकत नाही, पण दहा मिनिटांत परत येते. शिकणाऱ्याला तेच बरं. दोन-तीन अवजारांचं साधं मॉडेल घ्या. पंधरा अवजारांचा जाडजूड चाकू घरीच राहतो, खिशात जात नाही.

दुसरं ओपिनेल, आणि मनापासून सांगायचं तर माझं मत याच्याच बाजूने. फ्रान्समधल्या सावोआ प्रांतात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू बनवला. लाकडी मूठ, एक पातं, एक खीळ, एक कडं. १९५५ मध्ये फिरत्या कड्याचं कुलूप आलं, ते सहा क्रमांकापासून वरच्या मापांना असतं. त्यामुळे नेमकेपणाने बोलायचं तर हा स्लिपजॉइंट नव्हे, पण पारंपरिक चाकूंच्या कुठल्याही बैठकीत त्याला मानाची जागा असते. आठ क्रमांकाचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. कार्बन पोलादाचा घेतलात तर पोलाद कसं वागतं ते आठवडाभरात समजतं. आपल्या आजीच्या विळीचं पोलाद असंच होतं : केळफूल चिरलं की काळं पडणारं, न पुसता ठेवलं की गंजणारं, आणि दगडावर चार हात मारले की पुन्हा धारदार.

अमेरिकेतल्या 'केस' कंपनीचे चाकू, जपानी हिगोनोकामी, फ्रेंच लागिओल हे सगळे पुढच्या वर्षी. त्यांच्याबद्दल ऐका, हातात घेऊन बघा, पण पैसे आत्ता खर्च करू नका.

लागिओलच्या बाबतीत तर खास सावध राहा. मुठीवर मधमाशी असलेला हा देखणा चाकू फ्रान्सच्या आवेरों भागातल्या त्याच नावाच्या गावचा, आणि १८२९ पासूनचा. पण ते नाव दीर्घकाळ कुणाच्या एकाच्या मालकीचं नव्हतं, त्यामुळे कुठेही बनलेल्या स्वस्त चाकूवर तेच नाव आणि तीच माशी असते. माझा तिसरा चाकू तो हाच. किनाऱ्यावरच्या एका बाजारात मी त्याला अस्सल समजून घेतला होता.

३. हातात घेऊन तपासायचा कसा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात चाकू दिसो किंवा मित्राने विकायला काढलेला असो, तपासणी सारखीच. घाई करू नका, विकणारा चिडला तरी चालेल.

बंद असताना बघा : पात्याचं टोक मुठीच्या आत पूर्ण बुडलंय ना? बाहेर डोकावत असेल तर खिसा आणि बोट दोन्ही कापेल. पातं मधोमध बसतंय की एका बाजूच्या पितळी पट्टीला घासतंय?

मग नखाने सावकाश उघडा. किती जोर लागतो, त्याला आम्ही 'ओढ' म्हणतो आणि दहापैकी गुण देतो. पाच-सहा उत्तम. नऊच्या पुढे नख तुटतं, तीनच्या खाली पातं नको तेव्हा मिटतं. काही चाकू अर्ध्यावर, काटकोनात, क्षणभर थांबतात. ती खास घडण आहे, बिघाड नव्हे. उघडताना आणि मिटताना जो 'टक्' आवाज येतो तो ठणठणीत हवा. दबका आवाज म्हणजे आत कचरा, कोरडा सांधा किंवा थकलेली स्प्रिंग.

उघडल्यावर पातं चिमटीत धरून आडवं-उभं हलवा. किंचित हालचाल जुन्या चाकूत चालते, खुळखुळा चालत नाही. चाकू उजेडाकडे धरा : स्प्रिंगपट्टी आणि बाजूच्या पट्ट्यांमध्ये फट दिसते का? शेवटी पात्याची रुंदी बघा. वर्षानुवर्षं घासून पातं निम्मं झालेलं असतं आणि नव्या माणसाला ते कळत नाही. नखाची खाच धारेच्या फार जवळ दिसली तर समजा की पातं बरंच खपलंय.

भिंगाने खूण वाचा. 'झोलिंगेन' या नावाला १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून नकली माल बनवणारे एखादं अक्षर बदलून लिहितात. एकेक अक्षर लावून बघा. केसच्या चाकूंची खूण वाचणं हा तर एक स्वतंत्र आनंद आहे. १९७० मध्ये त्यांनी खुणेखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी करत नेला, म्हणजे त्या दशकातल्या चाकूवर सात ठिपके असले तर तो १९७३ चा. त्यांचे आकडेही बोलतात : '६३१८' मध्ये ६ म्हणजे कोरीव हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती, आणि १८ हा घाटाचा क्रमांक. असा तीन पात्यांचा घाट 'स्टॉकमन' म्हणून ओळखला जातो, गुराख्यांचा चाकू. त्यातलं बोथट टोकाचं एक पातं वासरं खच्ची करण्यासाठी असायचं.

४. कायदा आणि कागद

हे थोडक्यात, पण वगळू नका. शस्त्रास्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि त्यातूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळलेले आहेत. आपले चाकू याच्या निम्म्याहूनही लहान. पण माप कमी म्हणून कुठेही नेता येतो असं नाही. सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात जास्त कडक नियम लावू शकतं. दिल्लीत असे नियम आहेत. निवडणुकीच्या काळात किंवा जमावबंदीच्या आदेशात हत्यार बाळगायला बंदी असते, तेव्हा चाकू घरी ठेवा. जत्रा, फेस्त, न्यायालय, सरकारी कार्यालय, कॅसिनो, जिथे अंगझडती होते तिथे नेऊच नका. विमानतळ दाबोळीचा असो वा मोपाचा, विमानात हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही. सामानात घालून चेक-इन करा, नाहीतर सुरक्षा तपासणीत तो तिथेच राहील. किल्लीच्या जुडग्यातला इवलासा स्विस चाकू तर सगळेच विसरतात. शंका असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात सरळ विचारा.

परदेशातून मागवलात तर कुरिअरवाले ओळखीचे कागद मागतात. फाइलमध्ये हे तयार ठेवा :

– आधार किंवा पॅनची प्रत
– विक्रेत्याचं बिल, त्यावर खरी किंमत
– वस्तूचं साधं वर्णन : घडीचा खिशातला चाकू, पात्याची लांबी इतकी, बटण किंवा खटका नाही
– सीमाशुल्क भरल्याची पावती, मिळाल्यावर लगेच

विक्रेता "किंमत कमी दाखवतो" म्हणाला तर ठाम नाही म्हणा. ते खोटं तुमच्या नावावर जातं.

५. बैठकीत कसं बसावं

चाकूंपेक्षा मला या भागाची जास्त काळजी वाटते, कारण इथे चुकलेला माणूस पुन्हा येत नाही.

बैठक घरातच ठेवा. कांपालच्या बागेत किंवा हॉटेलच्या टेबलावर आठ-दहा चाकू मांडले तर शेजारच्या माणसाच्या पोटात गोळा येणारच, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

चाकू हातातून हातात उघडा देऊ नका. मिटून, फडक्यावर ठेवा. दुसऱ्याने तिथून उचलावा. कात्री हातात दिली की भांडण होतं असं घरी आई सांगायची, तीच रीत इथे कामाची. उघडण्याआधी "उघडू?" असं विचारा. पात्याला बोटं लावू नका, आपल्या हातांना मिठाचा घाम असतो आणि कार्बन पोलादावर बोटाचा ठसा दुसऱ्या दिवशी तांबूस होऊन उठतो. परत ठेवताना पुसून ठेवा. धार अंगठ्यावर घासून बघू नका. झटका देऊन उघडू नका. आणि मिटताना पातं फट्दिशी सोडू नका, बोटाने सावरत मिटा. विशेषतः लागिओल : त्यातल्या कित्येकांत पात्याची धार आतल्या स्प्रिंगवर आपटते आणि बोथटते.

किंमत विचारायची असेल तर एकट्यात. सगळ्यांसमोर विचारली की देणाऱ्याला आपली हौस तागडीत घातल्यासारखी वाटते.

बोलायचं काय? नवे लोक इथे अडखळतात. चार गोष्टी सांगा : कुणी बनवला, घाट कुठला, मूठ कशाची, आणि तुमच्याकडे कसा आला. त्यातली चौथी सगळ्यात मोलाची. आमच्याकडे एक काका आहेत, त्यांच्याकडे एकच चाकू. मेंढीच्या खुरासारखं बोथट टोक असलेलं पातं, दोरखंड कापायचा. ते टोक तसं का, तर हलत्या बोटीवर काम करताना स्वतःला किंवा शेजारच्याला भोसकलं जाऊ नये. काकांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सोबत वादळातल्या एका रात्रीची हकिकत होती. ती मी निदान सहा वेळा ऐकलीय आणि सातव्यांदा ऐकायला तयार आहे. तीस चाकूंचा संग्रह असलेला माणूसही त्यांच्यासमोर गप्प बसतो. तेव्हा "माझ्याकडे एकच आहे" हे सांगायला कधी संकोच करू नका.

दुसऱ्याच्या चाकूतला दोष दिसला तर? विचारलं तरच सांगा. आणि बनावट वाटला तरी चारचौघांत नाही. मला माझ्या लागिओलबद्दल ज्यांनी सांगितलं त्यांनी फाटकापर्यंत सोडायला येऊन सांगितलं. त्यांच्या त्या रीतीमुळे मी टिकलो.

६. पावसाळा

आता खरा विषय. परदेशी संग्राहकांचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात, कारण त्यांच्याकडे आपल्यासारखा जुलै नसतो. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. त्यात हवेत समुद्राचं मीठ. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि पात्यावर न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरून ठेवतं. गंज तिथून सुरू होतो. तुम्ही चाकू वापरलाच नाहीत तरीही.

_रोज रात्री._ पातं उघडा, पुसा. मुठीच्या आतल्या फटीत फुंकर मारा, टूथपिकने खिशातला कापूस काढा. तो कापूस ओल धरतो. पात्यावर लिक्विड पॅराफिनचा अगदी पातळ हात फिरवा. ते खाण्याला चालतं, त्यामुळे सकाळी तसाच आंबा कापता येतो. आठवड्यातून एकदा सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाका, चार-पाच वेळा उघडझाक करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसा. दोन मिनिटांचं काम.

_खोबरेल._ घरात असतं म्हणून सगळे तेच वापरतात. फणसाचा चीक काढायला त्यासारखं काही नाही. पण सांध्यात घालू नका. काही महिन्यांत ते चिकट होतं, धूळ धरतं, आणि डिसेंबरच्या गार पहाटे गोठून पातं जड करतं.

_फुगलेलं लाकूड._ ओपिनेलची मूठ बहुधा बीचच्या लाकडाची. जुलै आला की लाकूड पाणी पितं, फुगतं आणि पात्याला दोन्हीकडून आवळतं. माझा आठ क्रमांक एका सकाळी उघडेचना. आजोबांचा चाकू आठवला आणि मी पक्कड शोधायला उठलो तो तसाच खाली बसलो. सावोआचे लोक यावर एक युक्ती करतात : कडं सैल करायचं, आणि मुठीचं मागचं टोक लाकडी टेबलाच्या कडेवर आपटायचं. पातं थोडं बाहेर सरकतं, मग चिमटीत धरून उघडता येतं. तेवढ्यानेही झालं नाही तर चाकू कपड्यात गुंडाळून दोन-तीन दिवस सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. चुलीजवळ, ओव्हनमध्ये, इस्त्रीखाली नको, लाकूड तडकतं. खरा उपाय मे महिन्यातच करायचा : मूठ चार दिवस कोरड्या उन्हात वाळवा आणि सांध्याच्या फटीत, मुठीला जवसाचं तेल दोन-तीनदा जिरवा. प्रत्येक हातानंतर पुरतं सुकू द्या. आणि जवसाच्या तेलाचे चिंधे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, मग फेका.

_काळा आणि तांबडा._ कार्बन पोलाद दोन तऱ्हेने रंग बदलतं. करडा, निळसर, काळा हा चांगला थर, तो पुढचा गंज थोपवतो. तांबूस-नारिंगी म्हणजे गंज, दिसताक्षणी तेल लावून घासा. चांगला थर पटकन चढवायचा तर मार्च-एप्रिलात काजूचे बोंडू कापा. त्यातलं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून शाईसारखा निळा-काळा रंग देतं. एका हंगामात माझ्या पात्यावर ढगांसारखी नक्षी आली, तशी विकत मिळत नाही. मात्र कापून झालं की लगेच धुवा, पुसा. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, बाबतीत तर क्षणाचाही उशीर नको, ते फार आंबट. आणि ओल्या काजूबिया या चाकूने सोलू नका. सालीतलं तेल हात भाजतं आणि सांध्यात जाऊन बसतं. सुपारीला अडकित्ता आहे, नारळाला कोयता आहे, मासळीला विळी आहे. त्यांची कामं या चाकूवर टाकू नका.

_कुठे ठेवायचा._ चामड्याच्या म्यानात ठेवू नका, पावसाळ्यात तर मुळीच नको. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं पातं खातात. म्यान बाहेर नेण्यापुरतं. डब्यात सिलिका जेल, दर पंधरा दिवसांनी पुड्या तापवून किंवा बदलून. कपाटात कोंडलेल्या हाडाच्या आणि लाकडाच्या मुठींना बुरशी येते, म्हणून उघडीप मिळाली की डबा उघडा.

एक धोका बहुतेकांना माहीत नसतो. जुन्या चाकूंच्या संगमरवरासारख्या, मोतिया किंवा कासवपाठीसारख्या दिसणाऱ्या मुठी बऱ्याचदा सेल्युलॉइडच्या असतात. ते जुनं झालं की, विशेषतः उष्ण-दमट हवेत, विघटन पावतं आणि त्यातून आम्लाची वाफ निघते. ती वाफ शेजारच्या चाकूंनाही गंजवते. मुठीजवळच अचानक गंज, तडे, कापरासारखा किंवा आंबूस वास, अशी लक्षणं दिसली की तो चाकू बाजूला काढा, हवेशीर आणि एकटा ठेवा. सेल्युलॉइड पटकन पेटतंही. देवघराच्या समईजवळ ठेवू नका.

७. धार

सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याला विळी-कोयता द्या, हा चाकू नको. कोरड्या चाकावर पातं तापतं, पोलाद मऊ होतं, आणि एका फेरीत दहा वर्षांचं पातं खर्ची पडतं.

घरी दगडावर करा. पातं दगडावर साधारण १५ ते २० अंशांत टेकवा. पात्याच्या पाठीखाली दोन-तीन एक-रुपयाची नाणी ठेवल्यासारखं. दोन्ही बाजूंना समान हात, दाब कमी. एका बाजूला बारीक कोर आली, बोटाच्या पेराला ती आडवी लागली, की बाजू बदला. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर मागे ओढत दहा-बारा वेळा. वर्तमानपत्राचा कागद सरळ कापला गेला की झालं. पहिल्या दोन-तीन वेळा ओरखडे पडतील. म्हणून तर पहिला चाकू साधा घ्यायला सांगितला.

८. वही, अदलाबदल आणि दुसरा चाकू

वहीत प्रत्येक चाकूचं एक पान : कधी आला, कुणाकडून, काय दिलं, खूण कशी, काय दुरुस्ती केली. दोन बाजूंचे फोटो. चोरी झाली, विमा काढायचा झाला किंवा पुढे मुलांना द्यायचा झाला, हेच पान कामी येतं.

अदलाबदल करताना आपल्या चाकूतले दोष आधी स्वतः सांगा आणि कागदावर लिहून द्या. आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे : घेण्याआधी आठवडाभर चाकू वापरायला द्यायचा. आवडला नाही तर पुसून, तेल लावून परत. या आठवड्यात नवा माणूस जे शिकतो ते दुकानात उभं राहून कळत नाही. एखाद्याला जपानी हिगोनोकामी फार आवडतो, कारण त्याला स्प्रिंगच नसते, नुसत्या घर्षणावर आणि अंगठ्याखालच्या पट्टीवर तो उघडा राहतो. एखाद्याला नेमकी त्याचीच भीती वाटते. दोघंही बरोबर.

दुसरा चाकू सप्टेंबरनंतर. तोपर्यंत तुमच्या पहिल्या चाकूची मूठ तुमच्या हाताच्या तेलाने गडद झालेली असेल, आणि मोठं पातं हवं की लहान, एक की तीन, खिशाला जड काय होतं, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

खंडेनवमीच्या सुमारास बैठक असेल तर तो चाकू घेऊन या. त्या दिवशी आम्ही सगळे चाकू पाटावर मांडतो, झेंडूचं फूल आणि हळद-कुंकू वाहतो. ओलं कुंकू पात्यावर राहिलं तर डाग धरतं, तेव्हा संध्याकाळी दिवा लावण्याआधी पुसा आणि तेलाचा हात फिरवून ठेवा.